लेव्हल पाचचा फायटर, एचपी फक्त ३०: नऊ महिन्यांनंतरचा अनुभव

ओगर नावाच्या राक्षसाची गदा तिसऱ्यांदा बसली आणि खेळातला माझा फायटर, म्हणजे योद्धा, आडवा झाला. मागे झगा घालून उभा असलेल्या विझार्डचे (जादूगाराचे) एचपी, म्हणजे जीवाचे गुण, तेव्हा ३२ होते. माझे भरल्या पोटी ३०. चिलखत माझं, ढाल माझी, आणि जीव त्याचा जास्त! त्याच रात्री हे लिहायला बसलो.

आमचं टेबल डंजन्स अँड ड्रॅगन्स या पात्रं घेऊन, फासे टाकून खेळायच्या खेळाच्या २०१४ च्या नियमपुस्तकांवर चालतं. चार खेळाडू, एक डीएम (कथा आणि राक्षस चालवणारा), दर रविवार. लेव्हल, म्हणजे पात्राची पायरी, वाढली की एचपीसाठी फासा टाका, नाहीतर पुस्तकातला ठरलेला आकडा घ्या. फायटरला दहा बाजूंचा फासा किंवा सरळ ६. मी चारही वेळा फासा टाकला: ३, २, ४, १. कॉन्स्टिट्यूशनचे (पात्राच्या काटकपणाचे) दर वेळचे २ आणि पहिल्या लेव्हलचे १२ धरून झाले ३०. गुपचूप ६ घेत गेलो असतो तर ४४. ओगरचा फटका सरासरी १३ चा, तिसऱ्यानंतरही ५ उरले असते.

खरी जळजळ पुढे आहे. दहा बाजूंच्या फाशाची सरासरी साडेपाच. पुस्तक देतं ६. म्हणजे दर लेव्हलला अर्धा एचपी फुकट, विसाव्या लेव्हलपर्यंत साडेनऊ! भाजीवाल्याकडून कोथिंबीर फुकट घेतल्याशिवाय न हलणारा मी, आणि इथे जुगार खेळत बसलो. तेही सव्वाचारशे रुपयांचा फाशांचा संच घेऊन. (लेव्हल पाचला एक्स्ट्रा अटॅक, म्हणजे जादा वार, मिळतो म्हणे. मिळाला. पण मारायला शुद्धीत असावं लागतं.)

दुसरी तक्रार एक्सपीची, म्हणजे ज्या अनुभवाच्या गुणांवर लेव्हल वाढते त्यांची. मी वही ठेवली होती. गॉब्लिन हा छोटा राक्षस मारल्याचे ५०, ओगरचे ४५०, भागिले चार. दुसऱ्या लेव्हलचे ३०० गाठायला चौघांनी मिळून २४ गॉब्लिन मारावे लागतात, असा आमचा हिशोब. तिसरीला ९००, चौथीला २,७००, पाचवीला ६,५००. पुढे हा तक्ता गमतीदार होतो: दहावरून अकरावर जायला २१,००० लागतात आणि अकरावरून बारावर १५,०००. असं का, ते आमच्या डीएमलाही सांगता आलं नाही.

माझ्या वहीत ६,१०० झाले होते. चारशे बाकी. आणि त्या रविवारी डीएम म्हणाला, ‘आजपासून माइलस्टोन.’ म्हणजे मोजणी बंद, कथेतला मोठा टप्पा ओलांडला की सगळे एकदम वर. पाचवी लेव्हल मिळायला आणखी चार रविवार गेले. मी म्हटलं, ही तर साहेबाच्या मर्जीवरची बढती झाली. दोन रविवार नीट बोललोही नाही.

इथवर लिहून ठेवून दिलं होतं. मध्ये तीन महिने गेले.

एक्सपीबद्दलचं मत आता बदललंय, कबूल करतो. वही होती तेव्हा पळून जाणाऱ्या गॉब्लिनचाही पाठलाग आम्ही करायचो, कारण ते पन्नास गुण पळत असायचे. आता आमची बार्ड (गाणारं पात्र) शत्रूशी बोलणी करते तेव्हा मी मध्येच तलवार उपसत नाही. सुरुवातीच्या काळातल्या नियमांत तर तळघरातून बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी मिळायचा. लढाई टाळून पैसा घरी आणा आणि मोठे व्हा! आमच्या आजीला हा खेळ पहिल्या दिवशी कळला असता. ते नियम परत आणायला डीएमकडे अर्ज टाकलाय, उत्तर नाही.

माइलस्टोनमध्ये एकच खुपतं: पुढची लेव्हल कधी, याचा अंदाज येत नाही. वहीत निदान आकडा दिसायचा.

एचपीबद्दलचं मत मात्र तसूभर बदललेलं नाही. नव्याने खेळणाऱ्याने ६ घ्यावा आणि गप्प बसावं.

गेल्या रविवारी सहावी लेव्हल झाली. डीएमने विचारलं, फासा की ठरलेला? फासा मुठीत घेतला, दोनदा हलवला, खाली ठेवला. ६ लिहिले.

घरी येऊन जेवणाच्या ताटाशेजारी उगाच टाकून पाहिला. १० पडला.