साताऱ्यातील एक भजनवर्ग आणि ‘भजन’ हा शब्द

राजवाड्याच्या परिसरातील एका जुन्या वाड्याच्या सोप्यात मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी भरणाऱ्या भजनवर्गाला मी गेले चार महिने जात आहे. शुल्क महिन्याला 300 रुपये आहे, टाळ वर्गातच मिळतात आणि वेळ काटेकोरपणे पाळली जाते. मात्र मला हा वर्ग मोलाचा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी: येथे पहिले दोन दिवस गाणे शिकवीतच नाहीत, ‘भजन’ या शब्दाचा अर्थ शिकवतात.

बुवांनी सुरुवात गणितातल्या भाज्य-भाजकापासून केली. हे शब्द ज्या ‘भज्’ धातूपासून आले, त्यापासूनच भाग, विभाग, भक्त, भक्ती आणि भजन हे शब्दही आले. वाटणे, वाटा घेणे, आश्रय करणे, सेवा करणे, असा या धातूचा अर्थ संस्कृतात विस्तारत जातो. ‘भक्त’ या शब्दाचा तेथे शिजवलेला तांदूळ असाही अर्थ आहे आणि प्राकृतातील ‘भत्त’ या रूपातून त्याचाच आपला ‘भात’ झाला. पंगतीतला भात आणि टाळांच्या साथीने रंगणारे भजन एकाच मुळाचे आहेत, हे कळल्यावर मला सप्ताहाचा शेवट महाप्रसादाने होण्यात नवाच अर्थ दिसू लागला.

या सगळ्यात गाणे कोठे आहे, असे एका आजींनी विचारले. त्यावर बुवांनी दासबोधाचा चौथा दशक उघडला. तेथे श्रोत्यांनी भगवद्भजनाविषयी विचारल्यावर समर्थ श्रवणापासून आत्मनिवेदनापर्यंत त्याचे नऊ प्रकार सांगतात आणि कीर्तन हा त्यांतला केवळ दुसरा ठरतो. म्हणजे भजन हा शब्द एके काळी संपूर्ण उपासनेला पुरत होता; आपण तो गाण्यापुरता आखडता घेतला. गीतेत तर भक्त जसे मला शरण येतात तसा मी त्यांना भजतो, असे भगवंतच म्हणतात. सज्जनगड इतका जवळ असूनही हे मला साठीत कळले, याची रुखरुख वाटते.

अर्थ सांगून बुवा थांबत नाहीत. पहिला महिनाभर नवख्याने फक्त धृपद, म्हणजे अभंगातली पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरायचे, चरण म्हणायचा नाही, असा येथील नियम आहे. तुकोबांनीही आरंभी पुढे गाणाऱ्यांचे धृपद धरले होते, असे ते स्वतःच्या अभंगात सांगतात. चरण एकाने सांगावा आणि धृपद सर्वांनी उचलावे, या रीतीत प्रत्येकाला आपला वाटा मिळतो. आवाज बेताचा असलेल्या माझ्यासारख्यालाही तो मिळाला.

म्हणूनच एक उणीव स्पष्टपणे नोंदवतो. वार्षिक कार्यक्रमाच्या तालमी सुरू झाल्या की तिघा चौघा सुरेल गळ्यांपुढे ध्वनिक्षेपक ठेवला जातो आणि उरलेल्यांच्या हाती केवळ टाळ राहतात. पहिल्या दिवशी शिकवलेल्या अर्थाशी हे विसंगत आहे आणि मी ते बुवांना सांगितले आहे. पखवाज शिकायचा असेल, तर तशी सोय येथे नाही.

येत्या आषाढवारीत वर्गातील मंडळी लोणंद ते तरडगाव एवढी वाट माउलींच्या पालखीबरोबर चालणार आहेत. वाटेत चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते, म्हणजे दुतर्फा उभ्या वारकऱ्यांमधून अश्व धावतात. मी नाव दिले आहे. त्या वाटेवर ध्वनिक्षेपक नसेल, धृपद सर्वांचे असेल.