झोपून असलेल्या ज्येष्ठांसाठीचं ‘ओरल केअर किट’: काय घ्यावं, काय सोडावं

मिरजेतल्या सर्जिकल दुकानात अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी काही मागायला गेलं, की डायपर आणि एअर बेडच्या जोडीनं हल्ली ‘ओरल केअर किट’ही काउंटरवर येतं. पाकिटात फोमच्या काड्या, माउथवॉशची छोटी बाटली, कवळीचा ब्रश, कवळी भिजवायच्या गोळ्या आणि ग्लिसरीन. कंपनीप्रमाणे एखादी वस्तू इकडची तिकडे. मात्र ज्याची खरी गरज, तो बारक्या डोक्याचा मऊ ब्रश त्यात बहुधा नसतोच.

फोमची काडी तोंड ओलं करायला चांगली, दात घासायला निकामी. दातांवर बसलेला चिकट थर तिनं निघत नाही. गिळण्याचा त्रास असलेल्या माणसात त्या थरातले जंतू लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतात आणि न्यूमोनियाचं कारण ठरतात. शिवाय फोमचा बोंडा काडीवरून सुटू शकतो. ब्रिटनच्या औषध-उपकरण नियामकानं 2012 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. वापरण्याआधी बोंडा ओढून बघा, काडी पाण्यात भिजत ठेवू नका, आणि माणूस चावत असेल तर ती वापरूच नका.

त्यापेक्षा तीस-चाळीस रुपयांचा लहान मुलांचा एक्स्ट्रा सॉफ्ट ब्रश कितीतरी सरस. पेस्ट फ्लोराइडची हवी, वेष्टनावर 1000 पीपीएमच्या आसपास आकडा बघून घ्या. प्रमाण वाटाण्याएवढं, गिळताना ठसका लागत असेल तर ब्रशला नुसती पुसटशी लावायची. पलंगाची डोक्याकडची बाजू उचलून माणसाला जमेल तितकं बसतं करा. ते शक्य नसेल तर कुशीवर वळवून गालाखाली टॉवेल ठेवा. मान मागे टाकून तोंडात पाणी ओतणं ही नेहमी होणारी चूक, पाणी थेट श्वासनलिकेत जातं. आधी गालाच्या खाचेत अडकलेली भाकरी किंवा भाताची शितं ओल्या गॉजनं काढा, पण दातांच्या मधे बोट घालू नका. मग ब्रश हिरडीच्या कडेला 45 अंशांत टेकवून छोटे छोटे गोल फिरवा, शेवटी जीभ. फेस गॉजनं टिपून घ्यायचा, खळखळून चूळ भरायची गरज नाही. दिवसातून दोनदा, त्यातही रात्रीचं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. ज्यांचा हात चालतो पण मूठ आवळत नाही, त्यांच्या ब्रशला सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवावी. हा जुगाड महागड्या जाड दांड्याच्या ब्रशला हार जात नाही.

माउथवॉश बहुतेक क्लोरहेक्सिडीनचं असतं. ते ब्रशऐवजी नाही. पेस्टमधल्या फेसाच्या घटकामुळे त्याचा परिणाम घटतो, म्हणून दोन्हींत अर्धा तास अंतर ठेवा. रोज महिनोन्महिने वापरलं तर दात तपकिरी पडतात आणि तोंडाची चव जाते. डॉक्टरांनी सांगितलं तेवढेच दिवस वापरा. चूळ थुंकता येत नसेल तर बाटली तोंडाला लावूच नका.

ग्लिसरीन आम्ही सरळ बाजूला ठेवू. ते ओलावा ओढून घेतं आणि थोड्या वेळानं तोंड जास्तच कोरडं पडतं. लिंबू घातलेलं असेल तर दातही झिजतात. कोरडेपणामागे पुष्कळदा झोपेच्या, नैराश्याच्या किंवा लघवीच्या गोळ्या असतात, तेव्हा डॉक्टरांना गोळ्यांची यादी दाखवा. ऑक्सिजन चालू असेल तर ओठांना व्हॅसलिनऐवजी पाण्यात विरघळणारं जेल लावा.

कवळीचा ब्रश मात्र पैसे वसूल. कवळी धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवावं, हातातून निसटली तरी फुटत नाही. साधा साबण पुरतो. टूथपेस्टनं चरे पडतात, उकळत्या पाण्यानं आकार बिघडतो. रात्री काढून गार पाण्यात ठेवायची. काढली नाही तर टाळूला बुरशी होते, तोंडाचे कोपरे चिरतात. पाण्यात कवळी भिजवायची गोळी टाकली असेल तर सकाळी कवळी खळखळून धुवा. विसराळू माणसाच्या हाताशी या गोळ्या ठेवू नयेत, औषध समजून गिळतात.

गिळणंच बंद असलेल्यांसाठी सक्शन टूथब्रश, म्हणजे घासताना तोंडातलं पाणी-लाळ नळीनं ओढून घेणारा ब्रश, मिळतो, पण त्याला सक्शन मशीन लागतं. नळीच्या बाजूच्या छिद्रावर अंगठा ठेवला तरच ओढ लागते. नर्सकडून शिकल्याशिवाय हात लावू नका.

आपल्याकडच्या पुष्कळ आज्यांना मिश्रीची सवय असते, आणि मिश्री म्हणजे तंबाखूच. म्हणून दात घासताना हिरडी आणि गालाच्या आतून रोज नजर टाका. पांढरा चट्टा किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम दिसली तर किटमधलं काहीच उपयोगाचं नाही, तपासणीच हवी. सांगलीत भारती विद्यापीठाचं आणि कवलापूरला वसंतदादा पाटलांच्या नावाचं दंत महाविद्यालय आहे. जाताना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची आणि हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून घेतलेल्या इंजेक्शनांची नोंद बरोबर न्या, दात काढण्याआधी तिथले डॉक्टर तेच विचारतील.