टिळकवाडीतील काकूंची खानावळ आणि सुगीचा हिशेब

बाहेरगावाहून बेळगावात शिकायला येणाऱ्या मुलांसाठी टिळकवाडी, हिंदवाडी आणि शहापूर या भागांत खानावळी पुष्कळ आहेत. त्यांतील एका खानावळीविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. पहिल्या रेल्वे गेटापासून चालत थोड्याच अंतरावर, एका जुन्या कौलारू घराच्या पडवीत ती चालते. तिला पाटी नाही. मुले ‘काकूंकडे’ एवढेच म्हणतात, आणि आपले नाव छापून यावे असे काकूंना वाटत नाही, म्हणून मीही ते देत नाही. माझे बी. कॉम.चे शिक्षण ज्या माणसांमुळे पुरे झाले त्यांत काकू अगदी वरच्या आहेत, हे आधीच सांगतो. तरीही येथे जे लिहितो आहे ते आजही अधूनमधून तेथे पैसे देऊन जेवणारा गिऱ्हाईक म्हणून.

जेवण घरगुती आहे आणि त्याची चव बेळगावची आहे. ताटात दोन चपात्या किंवा एक ज्वारीची भाकरी, एक उसळ, एक भाजी, आमटी, भात, शेंगाची चटणी आणि ताक असते. भाकऱ्या आक्का करतात, त्या सौंदत्तीकडच्या. भाकरी तव्यावरून उतरते ती थेट ताटात येते. ती पातळ आणि कडेपर्यंत फुगलेली असते, आणि बोटाने पापुद्रा उचलला की आतून वाफ निघते. त्या पापुद्र्याखाली चमचाभर शेंगाची चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार घालून पहिले दोन घास खायचे, भाजीकडे नंतर वळायचे, ही तेथली रीत आहे आणि नव्याने येणाऱ्यानेही ती पाळावी. गुरुवारी भरली वांगी असतात. रविवारी दुपारी शेवयांची खीर मिळते.

उणिवाही आहेत. भाजीपाला महागला की बटाटा आठवड्यातून तीन-चार वेळा ताटात येतो. तिखट जरा चढे असते, त्यामुळे कारवारकडच्या मुलांना पहिला महिना जड जातो. पडवीत एका वेळी जेमतेम पंधरा जण बसू शकतात आणि हात धुवायला एकच नळ असल्याने दुपारी एकच्या सुमारास दारात थांबावे लागते. रविवारी रात्री खानावळ बंद असते. दोन वेळच्या जेवणाचे महिन्याला २,८०० रुपये पडतात, आणि या भागातील इतर ठिकाणांच्या मानाने हा दर वाजवी आहे.

या खानावळीची खरी ओळख मात्र काकूंच्या खातेवहीत आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या त्या लांबट वहीत प्रत्येक मुलाच्या नावापुढे तालुका लिहिलेला असतो आणि समासात एक शब्द असतो: भात, ऊस, तंबाखू, काजू, पगार. खानापूरच्या मुलापुढे भात, अथणी-रायबागच्या मुलापुढे ऊस, निपाणीकडच्यापुढे तंबाखू आणि चंदगडहून आलेल्या मुलापुढे काजू. पैसे कधी मागायचे ते काकू या शब्दावरून ठरवतात. भाताची सुगी दिवाळीच्या आगेमागे होते, तेव्हा खानापूरच्या मुलांचा जुलैपासूनचा हिशेब डिसेंबरात होतो; काजूवाल्यांना एप्रिल-मेपर्यंत कोणी विचारत नाही. उसाचे पैसे ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत द्यावेत असा १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाचा नियम असला, तरी बिले लांबतात हे या जिल्ह्यात कोणाला सांगावे लागत नाही, आणि बिल लांबले की काकूंचा हिशेबही तितकाच पुढे सरकतो. तंबाखूचे तर विचारूच नये. भावासाठी निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली महामार्गावर ठाण मांडले होते. भाव पडला की घरातल्या शिकणाऱ्या मुलावर काय वेळ येते, हे काकूंनी निपाणीच्या मुलांकडूनच ऐकले आहे.

माझ्यापुढे भात लिहिलेले होते. आमचे गाव जांबोटीकडे, जंगलाच्या कडेला आहे. पहिल्या वर्षी घरून सकाळच्या बसने डबा येत असे. आई तो वाहकाकडे देई आणि मी बसस्थानकावर जाऊन घेई. त्या वाहकांनी आणि चालकांनी डब्याचे कधी भाडे मागितले नाही, त्यांचेही ऋण माझ्यावर आहे. पण पावसाळ्यात आमच्याकडे झाडे पडून रस्ता अडतो, बस दुपारी पोहोचते आणि तोवर भाताला वास सुटलेला असतो, म्हणून मी काकूंकडे जेवू लागलो. दुसऱ्या वर्षी कापणीच्या तोंडावर पाऊस आला आणि कापून पसरलेले भात शेतातच भिजून उगवले. त्या डिसेंबरात घरून पैसे येणार नव्हते. हे सांगायला मी जेवणाच्या वेळेनंतर गेलो, तेव्हा काकूंनी आधी ताट वाढले आणि मग म्हणाल्या, “जेवून घे की रे. हिशेब कुठं पळून जातोय?” वहीत ‘भात’ या शब्दापुढे त्यांनी ‘पुढले’ असे लिहिले. पुढच्या सुगीपर्यंत त्यांनी मला एकदाही आठवण करून दिली नाही, आणि इतर मुलांसमोर तर हा विषय कधीच निघाला नाही. माझ्या लेखी जेवणाइतकेच मोल या न बोलण्याला आहे.

मी आज एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसतो, त्यामुळे या वहीचे मोल मला अधिक कळते. शैक्षणिक कर्जाच्या आदर्श योजनेत ४ लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही, ही चांगली तरतूद आहे आणि गरजू मुलांनी तिचा लाभ जरूर घ्यावा. परंतु बी. ए. किंवा बी. कॉम. करणाऱ्या मुलाची फी मुळात फार नसते. त्याला खरी अडचण येते ती खोलीभाड्याची आणि दोन वेळच्या जेवणाची, आणि महिन्याची खानावळ भागवण्यासाठी कोणी बँकेत कर्ज काढायला जात नाही. शिष्यवृत्ती थेट खात्यात जमा होते, पण तीही वर्ष बरेच सरल्यावर. जून-जुलैपासून पैसे हाती येईपर्यंतचे हे जे महिने असतात, त्यातच खेड्यातली मुले कॉलेज सोडून गोव्याला कामाला जातात. माझ्या वर्गातले काही जण असेच गेले. काकूंची उधारी नेमकी त्या महिन्यांत उपयोगी पडते.

आपल्याकडे शिक्षणाला अन्नाचा आधार देण्याची परंपरा जुनी आहे. पूर्वी गरीब विद्यार्थी वार लावून, म्हणजे आठवड्यातला एकेक दिवस एकेका घरी, जेवत. शाहू महाराजांच्या पाठबळाने १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले, आणि पुढे वेगवेगळ्या समाजांची वसतिगृहे तेथे उभी राहिली. काकूंचे काम एका पडवीपुरते आहे, पण मी ते त्याच परंपरेतले मानतो. त्यात जातीची किंवा भाषेची चौकशी नसते. बेळगावात मराठी आणि कानडी यांवरून कितीही वाद झडोत, त्या पडवीत रामदुर्गचा मुलगा आणि खानापूरचा मुलगा एकाच बाकावर जेवतात. काकू एकाला “भात घे” म्हणतात आणि दुसऱ्याला कानडीत “ऊट माडप्पा”, म्हणजे ‘जेव बाबा’, म्हणतात, आणि दोघांनाही वाढताना पळी सारखीच भरतात.

आभार कसे मानावेत, हा आम्हा जुन्या मुलांपुढचा प्रश्न होता. काही वर्षांपूर्वी आम्ही काही जणांनी शाल आणि श्रीफळ देऊन काकूंचा सत्कार करायचे ठरवले. त्यांनी तो नाकारला. “शाल मला कशाला? जुलैत नवीन पोरं येतात, त्यातल्या एकाचा महिना भर की,” एवढेच म्हणाल्या. तेव्हापासून कोणी एका महिन्याचे, कोणी एका सत्राचे पैसे आगाऊ ठेवतो. ते कोणाच्या खात्यावर लावायचे हे काकू ठरवतात. देणाऱ्याला मुलाचे नाव कळत नाही आणि मुलाला देणाऱ्याचे. मला ही पद्धत फार योग्य वाटते. मदत घेणाऱ्या मुलाला समोर उभे करून त्याच्याकडून आभाराचे भाषण करवून घेणारे कार्यक्रम मी पाहिले आहेत, आणि त्या मुलाची मान किती खाली जाते तेही पाहिले आहे. काकूंकडे तसे काही घडत नाही. ज्यांना कृतज्ञता व्यक्त करायची आहे त्यांनी व्यासपीठ शोधत बसण्यापेक्षा या वहीत भर घालावी, असे मी मनापासून सुचवतो.

जेवणाच्या वेळा दुपारी बारा ते अडीच आणि रात्री साडेसात ते साडेनऊ अशा आहेत. परीक्षेच्या दिवसांत रात्रीचे जेवण अर्धा तास आधी सुरू होते आणि सकाळी लवकर पेपर असणाऱ्यांना सांगून ठेवल्यास पोहे मिळतात. एखाद्या दिवसापुरते जेवायचे असेल तर ताटाचे ७० रुपये आहेत, पण सकाळी दहाच्या आत कळवावे लागते. पाणी फिल्टरचे असते, तरी आपली बाटली नेलेली बरी. महिन्याऐवजी सुगीचा हिशेब हवा असेल तर प्रवेशाच्या वेळी आई किंवा वडिलांनी एकदा स्वतः येऊन काकूंना भेटावे आणि शेतात काय आहे, ते कधी निघते, एवढे सांगावे. कागदपत्र काही लागत नाही.