नौपाड्यात ओठांना फिलर: अर्ध्या मिलीत भागलं

भाचीच्या लग्नाआधी ओठ जरा भरावेत म्हणून आधी घोडबंदर रोडच्या एका पार्लरात विचारलं. टोचणार कोण, तर बाई नुसत्या हसल्या. निघालेच तिथून.

मग नौपाड्यातल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे. मी १ मिली मागत होते, त्या ०.५ वर थांबल्या. "उरलेलं महिन्याने बघू, लागलंच तर." रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत का, ओठांवर तापाचे फोड येतात का, सगळं विचारलं. फिलरच्या जेलच्या, म्हणजे हायल्युरॉनिक ॲसिडच्या, सिरिंजचं सील माझ्यासमोर फोडलं, बॅच नंबरचं स्टिकर फाइलला चिकटवलं. जेल रक्तवाहिनीत गेलं तर विरघळवायला हायल्युरॉनिडेज तयार आहे का, हे मीच विचारलं. त्यांनी फ्रिज उघडून दाखवलं! ओठ पांढरा पडला, जाळीसारखे डाग दिसले किंवा दुखणं वाढत गेलं, तर मध्यरात्रीही फोन करा म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सूज अशी, की आई म्हणाली, "गांधीलमाशी चावली का गं?" दोन आठवड्यांत बसलं सगळं. लग्नात कुणालाच कळलं नाही. नणंदेने फक्त लिपस्टिकची शेड विचारली.

अपॉइंटमेंट असूनही दीड तास बसवलं, आणि पार्किंगचं नावच नको. एक तारा त्याचा कापला.