ब्रिटिश शॉर्टहेअर जातीचं म्हणून गळ्यात मारलेलं मांजराचं पिल्लू

आगाऊ 50 टक्के, पिल्लू हातात देताना 40, वंशावळीच्या कागदासाठी 10. वर 'परत मिळणारी' प्रवासविम्याची अनामत आणखी 15 टक्के. ठरल्या किमतीच्या 115 टक्के मोजून पदरात पडलं साधं करडं मांजर. मांजराचा काय दोष? पण असं पिल्लू कुणीही फुकट देतं.

वय सांगितलं 12 आठवडे आणि काट्यावर भरलं 580 ग्रॅम. पिल्लू आठवड्याला साधारण 100 ग्रॅम चढतं, म्हणजे हे जेमतेम पाच-सहा आठवड्यांचं. सौदा तिथेच मोडायचा! डोळेही निळेशार. निळे डोळे बघून माणूस भुलतो, पण जन्मतः सगळ्याच पिल्लांचे डोळे निळे असतात. सहा-सात आठवड्यांपासून रंग पालटायला लागतो आणि करड्या ब्रिटिशचे पुढे तांबूस-नारिंगी होतात. 12 आठवड्यांच्या करड्या पिल्लाचे इतके निळे राहतातच कसे? दुधाचे 26 दात आठ आठवड्यांच्या आसपास पुरे होतात. याच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या.

लबाड माणूस खऱ्यात खोटं कालवतो. "अंगावरचे फिकट पट्टे मोठेपणी जातील", "ही जात तीन वर्षांपर्यंत भरत राहते, बोका सात-आठ किलोही होतो" ही दोन्ही वाक्यं खरी. मग तिसऱ्या, खोट्या वाक्यावर कोण शंका घेणार? लसकार्डावर दोन डोस होते, पण बाटलीवरचं लेबल चिकटवलेलं नाही, बॅच क्रमांकही नाही. कातडीखालच्या ओळख-चिपचा क्रमांक 14 अंकी. चिपचा 15 अंकी असतो. अंक मोजा, आणि स्कॅनर फिरवून कागदाशी ताडल्याशिवाय शेवटचा पैसा सोडू नका.

आईपासून लवकर तोडल्यामुळे जुलाब, अंगावर नायट्याचे चट्टे, ते वेगळंच. दाट केसांत नायटा लपतो. कानामागे आणि पंजांवर केस फुंकून बघा. आई-बापाचा पीकेडीचा (मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होणारा आनुवंशिक आजार) डीएनए अहवाल आणि हृदयाची सोनोग्राफी मागा. खरा पाळणारा न विचारता पुढे करतो, भामटा "घाई करा, दुसरं गिऱ्हाईक आहे" म्हणतो. आई पिल्लांना पाजताना दाखवत नसेल तर फोन ठेवा.

आता तक्रारीचं. पोलीस म्हणाले, दिवाणी प्रकरण आहे. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच स्वतःहून पाठवलेत. वंशावळ नोंदणाऱ्या संस्थेचं उत्तर: हा क्रमांक आमचा नाही, विषय संपला. त्यांच्याच शिक्क्याची नक्कल झाली आहे, तरी विषय संपला! पुन्हा पोलीस, तर ते विचारतात, पिल्लू जिवंत आहे ना, मग नुकसान काय? कागद खोटे, वय खोटं, जात खोटी, तरी नुकसान काय?

तक्रार करायचीच असेल तर पशुवैद्याकडून वजन, दात आणि अंदाजे वय यांचा लेखी दाखला त्याच दिवशी घ्या. महिन्याभरात पिल्लू वाढतं, दाढाही येतात, आणि वयाचा पुरावा उरत नाही.