अल्डोस्टेरॉनची तपासणी: बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या लॅबचा अनुभव

आमच्या ह्यांचं वय 47. तीन गोळ्या चालू असूनही बीपी 160/100 च्या खाली येईना. रात्री पोटऱ्यांत असे गोळे यायचे की मी उठून तेल चोळत बसायचे. पोटॅशियम 3.1, म्हणजे कमी निघालं, तेव्हा डॉक्टरांनी अल्डोस्टेरॉन आणि रेनिन दोन्ही करायला सांगितलं. अल्डोस्टेरॉन हे किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथीतलं हार्मोन; ते मीठ धरून ठेवतं आणि पोटॅशियम लघवीवाटे घालवतं. रेनिन किडनीतून येतं आणि अल्डोस्टेरॉन वाढवायला लावतं. अल्डोस्टेरॉन फार वाढलं की नुसत्या बीपीपेक्षा हृदयाला आणि किडनीला जास्त इजा होते. पोटॅशियम नॉर्मल असलं तरी हा आजार असू शकतो, हेही त्यांनी सांगितलं.

आधी बडोद्यातल्याच एका मोठ्या लॅबमध्ये गेलो. तिथे पोचल्या पोचल्या रक्त घेतलं आणि नळी बर्फात ठेवली. रिपोर्ट नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, बर्फात ठेवलं की रेनिन खोटंच वाढतं, मग अल्डोस्टेरॉन-रेनिनचं गुणोत्तर कमी दिसतं आणि आजार लपतो, हा रिपोर्ट धरायचा नाही. पैशांपेक्षा वाया गेलेल्या महिन्याचा मला अजून राग येतो.

दुसऱ्यांदा दांडिया बाजारातल्या या छोट्या लॅबमध्ये गेलो. यांनी आदल्या दिवशीच फोन करून सगळ्या गोळ्यांची नावं विचारली. स्पायरोनोलॅक्टोन (अल्डोस्टेरॉनचं काम अडवणारी गोळी) घेत असाल तर चार आठवडे बंद हवी, पण डॉक्टरांना विचारूनच, असं बजावलं. मीठही एकदम तोडू नका म्हणाले. सकाळी उठून दोन तास झालेत ना, याची खात्री केली, मग दहा मिनिटं खुर्चीत बसवलं. रक्त घेणाऱ्या ताई आपल्या मराठीच. ‘काका, मूठ उघडझाप करू नका, पोटॅशियम खोटं वाढतं,’ असं त्यांनी सुई टोचायच्या आधीच सांगितलं. नळी बर्फाविना, साध्या स्टँडमध्ये ठेवली.

तक्रार एकच. रिपोर्ट आठ दिवसांनी आला आणि त्यात दोन्हींचं गुणोत्तर काढून दिलेलं नव्हतं. अल्डोस्टेरॉन 28 (ng/dL), रेनिन 0.4 (ng/mL/h), म्हणजे गुणोत्तर 70. या एककांत 30 च्या वर गेलं की संशय घेतात. आता सलाइनची तपासणी (सलाइन लावून अल्डोस्टेरॉन उतरतं का बघायचं) आणि सीटी स्कॅन व्हायचाय. एकाच ग्रंथीत गाठ असेल तर ऑपरेशन, नाहीतर गोळ्या.

लॅब पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. गाडी लावायला जागा मिळत नाही, रिक्षानंच या.