डिस्कशिवायचा पीएस५, १८ महिने आणि माझी दहा हजारांची बचत

गेल्या रविवारी ठाणे स्टेशनबाहेर, सॅटिसच्या पुलाखाली, भाच्याने माझ्यासमोर पीएस५ची, म्हणजे सोनीच्या प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलची, एक गेम-डिस्क २,२०० रुपयांना विकली. दोन महिन्यांपूर्वी २,५०० ला घेतली होती. तीनशे रुपयांत अख्खा गेम खेळून मोकळा. तोच गेम मी सोनीच्या ऑनलाइन स्टोअरवरून ४,९९९ ला घेतलाय. रिक्षात बसल्यावर तो म्हणाला, "मामा, तुझा विकता येतो का रे?" त्या प्रश्नामुळे हे लिहायला बसलो.

माझं स्लिम (नंतर आलेलं, आटोपशीर) डिजिटल मॉडेल, म्हणजे डिस्क न चालणारं, गेम फक्त स्टोअरवरून उतरवायचे. २०२४ च्या पाडव्याला घेतलं, ४४,९९०. डिस्कवालं ५४,९९० ला होतं. मशीनबद्दल तक्रार शून्य. आवाज नाही, उन्हाळ्यात बेडरूममध्ये पंख्यावर चाललं, गेम झटकन उघडतात. बाकीचं तुम्हाला माहीत आहेच. मला बोलायचंय ते त्या दहा हजारांबद्दल.

मुळात मी २०२१ पासून थांबलेलो. तेव्हा डिजिटल ३९,९९० ला आला होता. आपला हिशोब साधा, जुना झाला की उतरेल. सोनीचाच जुना पीएस२ अमेरिकेत २०००मध्ये २९९ डॉलरला आला आणि २००९मध्ये ९९ वर उतरला, मग हा का नाही उतरणार? नोव्हेंबर २०२२मध्ये उलट पाच हजारांनी चढला. ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेतही ५० डॉलरने वाढला. तीन वर्षं कळ काढून मी पाच हजार जास्त मोजले. बायकोला हे अजून सांगितलेलं नाही.

तर डिस्कवर येऊ. कन्सोल तोट्यात विकायचा आणि गेममधून वसूल करायचं, हा या धंद्याचा जुना रिवाज. स्वस्त प्रिंटर घेऊन शाईत बुडालेल्यांना वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०२१मध्ये सोनीनेच सांगितलं होतं की ४९९ डॉलरचं डिस्कवालं मॉडेल आता तोट्यात जात नाही. ३९९ च्या डिजिटलचा तोटा मात्र इतर विक्रीतून भरून काढू. म्हणजे जास्त पदरमोड डिजिटलवर. का? नव्या डिस्कवर कंपनीला तिचा वाटा मिळतो, पण तीच डिस्क सॅटिसखाली तिसऱ्यांदा हात बदलते तेव्हा छदामही मिळत नाही. डिजिटलवाल्याला तर दुसरं दुकानच नाही. आणि गंमत बघा, स्लिम आला तेव्हा अमेरिकेत दोन मॉडेलमधला फरक ५० डॉलर, म्हणजे तेव्हाचे चार-सव्वाचार हजार. आपल्याकडे दहा. गळाला आमिष कुठे जाड लावायचं हे त्यांना बरोबर कळतं.

आता माझी हिशोबाची वही. १८ महिन्यांत माझे सहा गेम: दोन नवेकोरे ९,९९८, सेलमधले चार मिळून ५,६००. एकूण १५,५९८. भाच्याचे अकरा गेम, घेऊन-विकून खिशातून गेले ४,३००. फरक ११,२९८. म्हणजे 'स्वस्त' कन्सोल मला १,२९८ रुपयांनी महाग पडला, आणि गेमही पाच कमी.

इथपर्यंत काल रात्री लिहिलं होतं आणि शेवटी 'डिजिटल घेऊ नका' असं ठोकून देणार होतो. सकाळी वही पुन्हा पाहिली. ते दोन नवे गेम मी आल्या आल्या घेतले, हौसेपोटी. एक तर चारच महिन्यांत सेलमध्ये अर्ध्यावर आला. दोन्ही थांबून घेतले असते तर साधारण पाच हजार वाचून मीच पावणेचार हजारांनी पुढे असतो. शिवाय भाचा डिस्कसाठी कधी डोंबिवली, कधी पनवेल गाठतो. त्याचं लोकलचं तिकीट, रिक्षा, आणि समोरच्याने "पंधरा मिनिटांत येतो" म्हणून घालवलेला तास वहीत नाही. मला ते जमणार नाही. आणि घरात कन्सोल सगळ्यात जास्त चालतो तो मुलाच्या फोर्टनाइट या ऑनलाइन गेमसाठी. तो फुकट आहे, त्याला डिस्क लागतच नाही. त्यातल्या पोशाखांसाठी तो दर महिन्याला पैसे मागतो, तो भाग वेगळा.

मग थांबता येत असेल तर डिजिटल चालेल. गेम आला की त्याच दिवशी हवा, अशी खाज असेल तर डिस्कवालाच घ्या, नाहीतर माझ्यासारखं होईल.

हो, डिजिटल स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो. अमेरिकेत तो ८० डॉलरला आला होता. इथे एका दुकानात विचारलं तर बाहेरून मागवून १२,००० सांगितले, बिल नाही. ४४,९९० अधिक १२,००० म्हणजे ५६,९९०, डिस्कवाल्यापेक्षा दोन हजार वर! मी नको म्हणालो. घरी येऊन खालचं झाकण काढून ड्राइव्हची रिकामी जागा पाहिली, थोडी धूळ होती ती फुंकली आणि झाकण परत लावलं. दिवाळीच्या सेलसाठी तीन गेम विशलिस्टमध्ये टाकून ठेवलेत.